२०० मीटरखालचा मुलूख

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. छंद म्हणून घरून रेडिओ संदेश पाठवणाऱ्या हौशी मंडळींच्या गोंगाटात महत्त्वाचे संदेश हरवतात, ही ओरड तेव्हा जोरात होती. कायद्याने त्यांना हाकलले नाही, पण २०० मीटर आणि त्याहून कमी तरंगलांबीवर, म्हणजे साधारण १५०० किलोहर्ट्झच्या वर, नेऊन बसवले. दूर पोचायचे तर लहर लांब हवी, अशी त्या काळच्या जाणकारांची खात्री होती. त्यामुळे २०० मीटरखालचा भाग म्हणजे पडीक जमीन. तिथून ही पोरे गावाबाहेर काय बोलणार!

ती अटलांटिकपलीकडे बोलली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन इथे तंबू ठोकून बसला आणि मायदेशातल्या हौशी केंद्रांचे संदेश त्याने टिपले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचा लेऑन देलॉय आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे ११० मीटरवर दोन्ही बाजूंनी संभाषण झाले. मग काय, पडीक जमिनीला भाव आला. लष्करे, कंपन्या, सरकारी खाती सगळीच तिकडे वळली.

१९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत आंतरराष्ट्रीय वाटणी झाली आणि हौशींच्या पदरात १६०, ८०, ४०, २०, १० आणि ५ मीटरचे बँड, म्हणजे राखीव लहरपट्टे, पडले. हे सगळे साधारण निम्म्या-निम्म्याने उतरतात. ट्रान्समीटरमधून मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट वारंवारितेची नको असलेली लहरही निसटते. ती परक्याच्या हद्दीत न जाता हौशींच्याच पुढच्या बँडमध्ये पडावी, ही त्यामागची सोय. ३०, १७ आणि १२ मीटरचे बँड बरेच नंतर, १९७९ च्या जिनिव्हा परिषदेत मिळाले.

पल्ल्याचे गणित आयनांबराच्या, म्हणजे लहरी परत खाली वळवणाऱ्या वातावरणातल्या उंच थराच्या हातात. ८० मीटर रात्री रंगतो. ४० मीटरवर दिवसा मुंबई-नागपूर गप्पा होतात आणि अंधार पडला की देश ओलांडता येतो. २० मीटरची तऱ्हा मात्र चमत्कारिक. मुंबईत बसून युरोप स्वच्छ ऐकू येतो आणि पुणे मुळीच नाही, कारण वर जाऊन परतलेली लहर पुण्याला ओलांडून कुठल्या कुठे उतरते. जमिनीलगत जाणारी लहर तर त्याआधीच दमलेली असते. १० मीटर सूर्यावरच्या डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राप्रमाणे जागा होतो किंवा झोपतो. दोन मीटरचा मामला बहुतांशी दृष्टीच्या टप्प्यातला. मध्ये सह्याद्री आला की हातातला सेट कितीही भारी असो, उंचावरच्या रिपीटरवाचून, म्हणजे लहर पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्रावाचून, कोकण मिळणे अवघड.

भारतात ही हौस १९२१ मध्ये कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून सुरू झाल्याचे मानतात. दुसरे महायुद्ध पेटले तसे हौशी परवाने रद्द झाले आणि ट्रान्समीटर बंद करण्याचे हुकूम निघाले. मुंबईच्या नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाने मात्र सुटे भाग जुळवून पुन्हा केंद्र उभे केले. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे स्वातंत्र्यलढ्यातले गुप्त केंद्र, काँग्रेस रेडिओ, त्याच्याच तंत्राच्या आधारावर बोलू लागले. ‘४२.३४ मीटरवर, भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून’ अशी त्याची घोषणा असे. आता हिशेब करून पाहा: ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, अगदी हौशींच्या ४० मीटर बँडच्या आत. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला, आणि त्यांना वाट दाखवणारा खुद्द प्रिंटरच होता.

हौशीच्या माळ्यावरची पेटी काय करू शकते, हे ज्या राज्यकर्त्यांनी पाहिले त्यांचेच कायदे, १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा, स्वतंत्र भारताने पुढे चालवले. त्यांच्या जागी नवा दूरसंचार कायदा आला तो थेट २०२३ मध्ये. त्यामुळे १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांत संशयाचा सूर आहे, याचे मला नवल वाटत नाही. संगीत वाजवायचे नाही, धंद्याचे बोलायचे नाही, सांकेतिक भाषा नको, प्रत्येक संपर्काची लॉगबुकात नोंद हवी. परीक्षा आहेच, शिवाय अर्जदाराच्या पूर्वेतिहासाची पडताळणी. वयाची अट उतरत उतरत १२ वर्षांवर आली. परवान्याच्या आता दोन श्रेणी आहेत. प्रतिबंधित श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, लागत नाही. सर्वसाधारण श्रेणीला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स यावा लागतो. उच्च वारंवारितेसाठी मोर्स सक्तीचा ठेवायचा की नाही, हे २००३ च्या जागतिक परिषदेने देशांवर सोपवले. अनेक देशांनी तो काढून टाकला, आपण ठेवला. माझ्या मते तो हट्टच आहे, जरी जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, हे ऐकून माझ्यावर चिडतील.

तिऱ्हाइताचा निरोप पोचवायलाही एरवी मनाई, पण भूकंप, पूर, वादळ अशा आपत्तीत ती सैल होते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरहून अंदमानच्या व्हीयू४ या कॉल साइनवर, म्हणजे केंद्राच्या ओळखखुणेवर, जगभरच्या हौशींशी संपर्क साधत होते. बेटांवरून असे केंद्र चालवायला सरकारी मंजुरी मिळवणे तेव्हा फार अवघड होते. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले आणि त्याच यंत्रांवरून बेटावरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत जाऊ लागली.