वारा आणि पाणी समोरासमोर येतात तेव्हा

1947 च्या ऑगस्टमध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेल आपला तीन वर्षांचा मुलगा, एक भाचा आणि एक भाची यांना घेऊन छोट्या मोटरबोटीतून घरी परतत होते. ते राहत होते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या जुरा बेटावर. घरी जायचं तर बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घालून कॉरिव्रेकनच्या अरुंद सामुद्रधुनीतून जावं लागायचं. तिथे समुद्रतळातून एक खडक सुळक्यासारखा वर येतो, तो थेट पृष्ठभागाखाली 29 मीटरपर्यंत. भरतीचं पाणी या सामुद्रधुनीत आठ नॉटांहून अधिक वेगानं धावतं (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे 1.85 किलोमीटर) आणि त्या सुळक्यावर आपटून भोवरे करतं. ऑर्वेल यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक वाचण्यात चूक केली होती. लाटांच्या हिसक्यांनी बोटीचं इंजिन निखळून समुद्रात पडलं. भाच्यानं वल्ही हाती घेतली, कशीबशी एका खडकाळ बेटापर्यंत बोट आणली, तिथे उतरताना ती उलटली. सगळे वाचले. काही तासांनी शेवंडी पकडणाऱ्या कोळ्यांच्या बोटीनं त्यांना उचललं.

चूक ठिकाणाची नव्हती, वेळेची होती. तीच सामुद्रधुनी पाणी थांबलेलं असताना लहान बोटींनाही पार करता येते. किनाऱ्यालगत बोट चालवणाऱ्यानं दिवसापेक्षा तासाचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. आपण 'आज समुद्र कसा आहे?' असं विचारतो. खरं तर 'तीन वाजता कसा असेल?' असं विचारायला हवं.

याचं उत्तर एका कागदावर मिळत नाही, ही यातली अडचण. भरतीचं कोष्टक वेगळं, हवामानाचा अंदाज वेगळा. कोष्टक वर्षभर आधी छापता येतं, कारण ते चंद्र-सूर्याच्या गतीवरून काढलेलं असतं. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी 1872 मध्ये चाकं आणि कप्प्या जोडून भरतीचं भाकीत करणारं यंत्र बनवलं. प्रत्येक चाक म्हणजे भरतीचा एकेक घटक, आणि सगळ्यांची बेरीज कागदावर आपोआप रेखली जायची. हवामानाला असं घड्याळ नाही. 1859 च्या ऑक्टोबरमध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर ब्रिटिश नौदलातले अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय यांनी तारयंत्रावरून ठिकठिकाणच्या नोंदी गोळा करून 1861 मध्ये ब्रिटिश बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून आजपर्यंत सकाळचा अंदाज संध्याकाळी पुन्हा तपासावा लागतो. कागद दोन असले तरी समुद्र एकच असतो, आणि अपघात बहुधा दोन्ही कागद जिथे एकमेकांना छेदतात तिथे होतात.

आधी पाणी पाहू. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं. सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती होते. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात ओढतात, तेव्हा पाणी कमी चढतं-उतरतं, ती भांगाची भरती. बऱ्याच ठिकाणी मोठं उधाण त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतं. सगळीकडे दिवसाला दोन भरत्या असतात असंही नाही. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी एकच असते. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाण्याची चढ-उतार 16 मीटरपर्यंत जाते, कारण तिथलं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हिंदकळून परत यायला जो वेळ घेतं तो भरतीच्या कालावधीच्या जवळपास आहे. झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळत राहावा, तसं ते वाढत जातं.

पाणी एकसारख्या वेगानं चढत-उतरत नाही. सहा तासांची ओहोटी असेल तर पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक. एकूण उतार 6 मीटर धरला तर पहिल्या तासात फक्त अर्धा मीटर जातो. बघणाऱ्याला वाटतं, भरपूर वेळ आहे. मग मधल्या दोन तासांत तीन मीटर पाणी निघून जातं, म्हणजे मिनिटाला अडीच सेंटिमीटर. एवढ्या वेगानं खडकावरची ओली रेषा डोळ्यांदेखत खाली सरकताना दिसते. वाळूत नांगरलेली बोट रुतते ती बहुतेकदा याच दोन तासांत.

कोष्टकातला आकडा हे गणित असतं, ते मोजमाप नव्हे, हेही लक्षात असू द्या. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलनं वाढला तर समुद्र साधारण 1 सेंटिमीटर खाली दबतो. दाब 1033 वर गेला, म्हणजे सरासरीपेक्षा 20 नं जास्त, की 20 सेंटिमीटर पाणी गेलं. त्यात जमिनीकडून जोराचा वारा सुटलेला असेल तर तो आणखी पाणी बाहेर ढकलतो. निरभ्र आकाश, उत्तम हवा, आणि नेहमीच्या वाटेवर बोट टेकते. खराब हवेत उलट होतं. दाब पडतो, वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो आणि भरती कोष्टकाच्या वर जाते.

उंचीपेक्षाही फसवा असतो तो प्रवाह. भरती पूर्ण झाली म्हणजे प्रवाह थांबला, असं अनेक जण धरून चालतात. काही बंदरांत ते खरं असतं, पण सगळीकडे नाही. अरुंद तोंडाचं मोठं खाजण डोळ्यांसमोर आणा. बाहेर समुद्राची भरती पूर्ण झाली आणि पाणी उतरायलाही लागलं, तरी आतली पातळी अजून खालीच असते, कारण त्या चिंचोळ्या तोंडातून पाणी शिरायला वेळ लागतो. आत-बाहेरची पातळी सारखी होईपर्यंत पाणी आतच धावत राहतं. ते थांबायला भरतीच्या वेळेनंतर तास-दोन तासही लागू शकतात. म्हणून उंचीचं कोष्टक आणि प्रवाहाचं कोष्टक वेगवेगळं असतं, आणि दुसरं बघायचं राहून जातं. पाणी थांबण्याचा अवधीही मोठा नसतो. थांबल्यानंतर तासाभरात प्रवाह कमाल वेगाच्या निम्म्यावर येतो, दोन तासांत नव्वद टक्क्यांवर.

बोलण्यातली एक सवय इथे घात करते. वारा जिकडून येतो त्या दिशेच्या नावानं सांगतात आणि प्रवाह जिकडे जातो त्या दिशेच्या. 'पश्चिमेचा वारा' आणि 'पश्चिमेचा प्रवाह' हे एकत्र ऐकून दोन्ही एकाच बाजूला चालले आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ते समोरासमोर येत असतात.

आणि ते समोरासमोर आले की काय होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

दर चार सेकंदांनी एक याप्रमाणे येणाऱ्या लाटा घ्या, किनाऱ्यालगतच्या वाऱ्यानं उठणाऱ्या, नेहमीच्या. खोल पाण्यात दोन माथ्यांमधलं अंतर साधारण 25 मीटर असतं आणि त्या 12 नॉट वेगानं पुढे सरकतात. आता त्या 2 नॉटांच्या उलट्या प्रवाहात शिरल्या. मिनिटाला पंधरा लाटा मागून येतच आहेत, पुढच्या मात्र प्रवाहामुळे मंदावल्या. अरुंद दारात गर्दी व्हावी तशा त्या एकमेकींच्या जवळ येतात. 25 मीटरचं अंतर 16 मीटरच्या आत येतं. लाटेतली ऊर्जा तेवढ्याच जागेत दाटते, म्हणून उंची दीडपटीहून अधिक होते. अंतर कमी, उंची जास्त. दोन्ही मिळून लाटेचा चढ अडीच पटीहून तीव्र होतो. उंची लांबीच्या एक सप्तमांशावर गेली की लाट स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही, ती फुटते. प्रवाह 3 नॉटांवर गेला तर या लाटांची ऊर्जा पुढे सरकूच शकत नाही. सगळ्या तिथेच अडतात आणि फुटतात. दुरून पाहिलं तर शांत समुद्रावर एक पांढरा, खदखदणारा पट्टा दिसतो.

वाऱ्याचाही हिशेब बदलतो. हवा 15 नॉटांनी वाहते आहे आणि 3 नॉटांचा प्रवाह तिच्याच दिशेनं जातोय, तर पाण्याला जाणवणारा वारा 12 नॉटांचा. पाणी उलटं फिरलं की तोच 18 नॉटांचा होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे हा जोर सव्वादोन पट झाला. अंदाजातला आकडा तसूभरही बदललेला नाही आणि समुद्र मात्र दुसराच झालेला असतो.

मला यात सगळ्यात धोक्याची वाटते ती जातानाची वेळ. वारा आणि प्रवाह एकाच दिशेला असताना लाटा लांब, सपाट होतात. बोट मजेत पळते, पोरं हसत असतात. सहा तासांनी त्याच वाटेनं परतताना पाणी फिरलेलं असतं, तेव्हा सकाळच्या आठवणीवर विसंबून चालत नाही.

हा मेळ कुठे हमखास जुळतो? नदीच्या किंवा खाडीच्या मुखाशी. दिवस चढला की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. दुपारी तीनच्या सुमारास ते बऱ्याचदा ऐन जोरात असतात. समजा, त्या दिवशी भरती बाराला पूर्ण झाली आणि तिथला प्रवाहही त्याच वेळी फिरतो. मग ओहोटीचा प्रवाह सर्वात जोरात केव्हा? तीनच्याच सुमारास. आत येणारा वारा आणि बाहेर जाणारं पाणी नेमके मुखातल्या वाळूच्या दांड्यावर भिडतात, आणि तिथे खोलीही उतरत चाललेली असते. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीवर गेली की ती फुटते, म्हणजे दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात कोसळते. आठवड्यानं भरती सुमारे सहा तास सरकते. मग तोच दांडा, तोच वारा, तीच तीनची वेळ, पण पाणी आत चाललेलं. लाटा सौम्य. गेल्या आठवड्यात इथे बोट उलटली होती यावर विश्वास बसू नये, इतका फरक पडतो.

यात आणखी एक धागा आहे. एखाद्या ठिकाणी अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीची वेळ जवळपास ठरलेली असते. जिथे ती बाराच्या आसपास येते, तिथे वर्षातल्या सर्वात जोरदार ओहोट्या आणि दुपारचे खारे वारे पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर येणार. अशा मुखाची ख्याती वाईट असते, आणि तिच्यामागे असं साधं वेळापत्रक असतं.

अंदाज वाचताना लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही पाहा. एक मीटरची लाट बारा सेकंदांनी आली तर बोट हळूच उचलते आणि खाली ठेवते. चार सेकंदांनी आली तर हाडं खिळखिळी करते. शिवाय अंदाजातली उंची म्हणजे सर्वात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. काही तास समुद्रावर राहिलात तर त्याच्या जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट भेटणार. वाऱ्याचा आकडाही सरासरीचाच असतो, झोत त्याहून 40 टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतात. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर तीन तासांत 6 हेक्टोपास्कलहून अधिक पडला तर कोष्टकं मिटा आणि किनारा गाठा. काळ्या ढगाखालून थंड वाऱ्याचा झोत अंगावर आला तरीही तेच. धुक्यासाठी हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) आणि पाण्याचं तापमान ताडून पाहा. उबदार, दमट हवा तिच्या दवबिंदूहून गार पाण्यावर आली की धुकं धरतं, आणि असं धुकं वाऱ्यातही हटत नाही.

निघण्याआधी एका कागदावर तासांची आडवी रेघ मारा. तिच्या वर वाऱ्याची दिशा आणि वेग लिहा, खाली प्रवाहाची दिशा आणि वेग. ज्या तासांत वरचा आणि खालचा बाण एकमेकांकडे तोंड करतात, ते तास लाल करा. ते कोणत्या मुखावर, कोणत्या टोकावर तुम्हाला गाठतील, एवढंच पाहायचं.

मग समुद्रावर गेल्यावर वाटेतला बोया, म्हणजे तळाशी बांधलेली तरंगती खूण, वाचा. प्रवाह जोरात असला की तो एका बाजूला कललेला असतो, त्याच्या एका अंगाला पाणी फुगतं आणि दुसऱ्या अंगाला शेपटीसारखी खळबळ उठते. शेपूट तुमच्याकडे असेल तर पाणी तुमच्याकडे येतंय. मुखाबाहेर पोचलात, शेपूट वाऱ्याच्या अंगाला आहे आणि दांड्यावर पांढरं दिसतंय, तर आत शिरू नका. लाटा फुटत नाहीत अशा पुरेशा खोल पाण्यात थांबा, पाणी प्या, सगळ्यांनी जीवरक्षक जॅकेट घातली आहेत ना ते पाहा. शेपूट हळूहळू आखूड होत जाईल. बोया सरळ उभा राहिला की दांड्याकडे पुन्हा नजर टाका. पांढरं ओसरलेलं दिसलं तर बोटीची नाळ मुखाकडे वळवा.