पिट्सबर्ग–वॉशिंग्टन खडीमार्ग

अमेरिकेतील पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन ही शहरे नदीखोऱ्यांतून जोडणारा, जवळजवळ संपूर्ण लांबीत मोटारगाड्यांपासून मुक्त असलेला सायकलींचा व पायी चालणाऱ्यांचा मार्ग. लांबी सुमारे ५३८ कि.मी. दोन वेगळे मार्ग मेरिलंड राज्यातील कंबरलंड गावी एकमेकांना मिळून तो बनला आहे. पश्चिमेकडील २४१ कि.मी.चा भाग ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ या नावाने ओळखला जातो. तो बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून जातो. पूर्वेकडील २९७ कि.मी. म्हणजे चेसापीक अँड ओहायो (सी अँड ओ) कालव्याच्या काठची वाट. नावा ओढणारी खेचरे एकेकाळी हिच्यावरून चालत. डांबरी रस्ता सोडून खडी-मुरमाच्या वाटांनी रुंद टायरच्या सायकलवर लांबचा प्रवास करण्याच्या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. त्याची सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर या मार्गाचे नाव निःशंकपणे सांगता येते.

ॲलेगेनी पर्वत ओलांडूनही हा मार्ग दमवत नाही. वाफेच्या इंजिनाला अवजड मालगाडी ओढता यावी म्हणून रेल्वेच्या अभियंत्यांनी दऱ्यांवर पूल टाकले, डोंगरात बोगदे खणले आणि चढ शेकडा पावणेदोनच्या आत ठेवला. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ (३७ मी. जाताना १ मी. चढ) इतका आहे. इथला सर्वांत कठीण चढही साधारण ५७ ला १ भरतो. कालव्याची वाट त्याहून सपाट. कंबरलंडपासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपर्यंत २९७ कि.मी.मध्ये ती फक्त १८४ मी. उतरते, आणि तो उतारही ७४ लॉकच्या (पाणी भरून वा सोडून नाव वर-खाली नेणाऱ्या दरवाजेबंद कप्प्यांच्या) पायऱ्यांमध्ये विभागलेला आहे. इंजिन आणि खेचर यांच्या ताकदीची मर्यादा ओळखून केलेल्या या आखणीचा लाभ आज सायकलस्वाराच्या पायांना होतो.

मार्गाची कहाणी कालव्यापासून सुरू होते. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी कालव्याची पहिली कुदळ मारली. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचाही पाया घातला गेला. दोघांनाही पर्वत ओलांडून ओहायो नदी गाठायची होती. पॉइंट ऑफ रॉक्सजवळ डोंगर आणि पोटोमॅक नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर दोघांनी हक्क सांगितला, खटला उभा राहिला. त्यात कालव्याची सरशी झाली. तरीही शर्यत रेल्वेनेच जिंकली. ती १८४२ मध्ये कंबरलंडला पोहोचली आणि कालवा १८५० मध्ये. पुढे पर्वतापलीकडे कालवा कधी गेलाच नाही. त्याच्या नावातली ओहायो नदी कंबरलंडहून सलग वाटेने गाठता आली ती २०१३ मध्ये, रेल्वेमार्गावरचा शेवटचा तुकडा पिट्सबर्गला जोडला गेल्यावर, आणि तीही सायकलने.

कालव्याच्या खर्चाचा आणि दिरंगाईचा मोठा वाटा पॉ पॉ बोगद्याने खाल्ला. नदीची नागमोडी वळणे टाळण्यासाठी ९५० मी. लांबीचा हा बोगदा खणायला घेतला १८३६ मध्ये. तो उघडला चौदा वर्षांनी. कामावर आयरिश स्थलांतरित मजूर मोठ्या संख्येने होते. पगार थकणे, दंगे आणि १८३२ ची पटकीची साथ हे सगळे या कालव्याच्या बांधकामाच्या इतिहासात आहे. बोगदा पाहून थक्क होताना या माणसांची आठवण ठेवायला हवी. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. आत दिवे नाहीत, वाट अरुंद आहे, म्हणून विजेरी लावून सायकल हाताने ढकलत न्यावी लागते. भिंतींना मिळून साठ लाखांहून अधिक विटा लागल्या.

कालव्यातून मुख्यतः कंबरलंडचा कोळसा वॉशिंग्टनला जाई. शंभर टनांहून अधिक माल भरलेली नाव खेचरांची जोडी ओढत असे. नावाड्यांची कुटुंबे हंगामभर नावेवरच राहत आणि मुले खेचरे हाकत. लॉकवाल्याला रात्री-अपरात्री हाक आली तरी उठून दरवाजे उघडावे लागत. त्यासाठी त्याला लॉकशेजारीच घर मिळे. अशी कित्येक घरे उभी आहेत आणि त्यांतल्या काहींत आज मुक्कामही करता येतो. मोनोकसी नदीवरचा सात कमानींचा जलसेतू हे कालव्यावरचे सर्वांत देखणे दगडी काम. नदीवरून कालवा वाहून नेणारा हा पूल १८३३ मध्ये पुरा झाला. १८८९ च्या महापुराने कालवा मोडकळीस आला, आणि १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. तोवर तो बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्याच ताब्यात गेला होता. १९३८ मध्ये केंद्र सरकारने वीस लाख डॉलरना तो तिच्याकडून विकत घेतला.

त्यानंतर या जागी मोटाररस्ता बांधण्याची योजना आली आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी जानेवारी १९५४ मध्ये त्या वृत्तपत्राला पत्र लिहून संपादकांना आपल्याबरोबर कालव्याकाठाने चालण्याचे आवाहन केले. मार्चमध्ये मंडळी कंबरलंडहून निघाली. संपूर्ण अंतर चालणारे शेवटी नऊच उरले, पण वृत्तपत्राने भूमिका बदलली. १९६१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. एखादी वाट वाचवण्यासाठी तिच्यावरून चालून दाखवणे यापेक्षा थेट युक्तिवाद सापडणे कठीण.

रेल्वेमार्गाचा भाग त्या मानाने अलीकडचा. वेस्टर्न मेरिलंड रेल्वेने १९१२ मध्ये कंबरलंड–कॉनेल्सव्हिल लोहमार्ग सुरू केला, तेव्हा नदीच्या पलीकडच्या काठाने प्रतिस्पर्धी कंपनीचा मार्ग आधीच होता. पुढे दोन्ही कंपन्या एका छत्राखाली आल्या आणि १९७५ मध्ये हा मार्ग सोडून देण्यात आला. पलीकडच्या रुळांवर मालगाड्या अजून धावतात. युकागेनी नदीकाठी त्यांचा आवाज ऐकू येतो. सायकलमार्गाचा पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइल येथे खुला झाला. त्यानंतर पूल आणि बोगदे एकेक करून दुरुस्त होत गेले, आणि या कामात गावोगावच्या स्वयंसेवकांचा वाटा मोठा आहे.

पिट्सबर्गहून निघाल्यावर मोनोंगहेला नदीच्या काठी होमस्टेड लागते. इथल्या पोलाद कारखान्यात ६ जुलै १८९२ रोजी संपकरी कामगार आणि कंपनीने आणलेले पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेचे भाडोत्री रक्षक यांच्यात रक्तरंजित चकमक झाली. मग युकागेनीचे खोरे, कोळशाचा कोक करणाऱ्या जुन्या भट्ट्यांचा मुलूख, ओहायोपाइलचा धबधबा आणि कॅसलमन नदी. मायर्सडेलजवळचा ५८२ मी. लांबीचा सॉल्सबरी पूल अख्खी दरी ओलांडतो. त्यापुढे ७२९ मी. उंचीवर पूर्व खंडीय जलविभाजक आहे: पश्चिमेला पडलेला पाऊस मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातो, पूर्वेचा चेसापीक उपसागरात. लगेच बिग सॅव्हेज बोगदा, मेसन–डिक्सन रेषा (पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलंड राज्यांची सीमा) आणि कंबरलंडपर्यंतचा सलग उतार.

पोटोमॅकच्या काठी यादवी युद्धाचा इतिहास पावलोपावली भेटतो. नदीपलीकडे हार्पर्स फेरी आहे. १८५९ मध्ये जॉन ब्राऊनने गुलामगिरीविरुद्ध उठाव पेटवण्यासाठी तिथल्या शस्त्रागारावर छापा घातला. तिथे जायला रेल्वेपुलाच्या कडेने पादचारी वाट आहे, मात्र सायकल जिन्यावरून उचलून न्यावी लागते. हार्पर्स फेरीच्या वर, नदीच्या उगमाच्या बाजूला, शार्प्सबर्गजवळ १७ सप्टेंबर १८६२ ची अँटिटमची लढाई झाली. एका दिवसात सर्वाधिक अमेरिकी सैनिक घायाळ वा ठार झाले ते इथे. गावकरी काठावरच्या एका गुहेत लपले होते, ती गुहा आजही वाटेतूनच दिसते. या टापूसाठी एक जादा दिवस जरूर ठेवावा.

वाटेच्या पृष्ठभागात फरक आहे. रेल्वेमार्गावर चुनखडीची बारीक कच दाबून बसवली आहे आणि पाण्याचा निचरा चांगला होतो. कालव्याकाठी काही टप्प्यांत नवी कच आहे, काही टप्प्यांत माती आणि झाडांची मुळे. पावसानंतर तिथे चिखल होतो. त्यामुळे ४० मि.मी.च्या आसपासचे टायर आणि मडगार्ड उपयोगी पडतात. कालव्याकाठी थोड्या थोड्या अंतरावर तंबूच्या जागा आहेत, तर रेल्वेमार्गावर गावे जवळजवळ असल्याने छताखाली राहणे सोपे. सप्टेंबरमध्ये पोटोमॅकच्या काठी पॉ पॉ नावाचे फळ पिकते. ते सीताफळाच्याच कुळातले आहे आणि त्याचा मऊ गर मराठी जिभेला लगेच ओळखीचा वाटेल.

बिग सॅव्हेज बोगदा बर्फामुळे हिवाळ्यात बंद असतो, म्हणून सलग प्रवास एप्रिल ते ऑक्टोबर या काळातच करावा. पिट्सबर्गहून निघाल्यास जलविभाजकापर्यंतचा चढ २०० कि.मी.वर पसरलेला मिळतो. वॉशिंग्टनहून आल्यास कंबरलंडनंतर अवघ्या ३८ कि.मी.मध्ये सुमारे ५४० मी. चढावे लागते.