पाहुण्यांसाठी न बांधलेली घरं

उष्ण कटिबंधातल्या एखाद्या खेड्यात जुनं कॉटेज भाड्याने घेतलं की भिंतीवर बहुधा एक चौकट टांगलेली असते. त्यात वास्तूचं वय असतं आणि मूळ रूप जपल्याचं आश्वासनही असतं. घर कुणासाठी बांधलं आणि ते पाहुण्यांच्या वाट्याला कसं आलं, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. यातल्या बऱ्याच घरांचा इतिहास ऊस, कॉफी आणि चहा यांच्या जमाखर्चात सापडतो. पीक तेजीत असताना घर उभं राहिलं, पीक बसलं तेव्हा ते ओस पडलं. पाडून नवं बांधण्याइतका पैसा कुणाकडे उरला नव्हता, म्हणून ते वाचलं.

मुळात मुक्कामासाठीच बांधलेली घरंही होती. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हमरस्त्यांवर सरकारी डाक बंगले उभे राहिले. जावा बेटावर डच सरकारची अशीच विश्रामगृहं होती, सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेतही होती. दोन-तीन खोल्या, पुढे व्हरांडा, एक चौकीदार, एक खानसामा आणि नाव लिहायला नोंदवही, एवढाच थाट. पाहुणा दारात दिसला की खानसामा अंगणातली कोंबडी पकडायला धावायचा. तासाभरात ती ताटात येत असे आणि या पदार्थाला इंग्रज प्रवासी थट्टेने ‘आकस्मिक मृत्यू’ म्हणत. पण ही सोय अधिकाऱ्यांच्या फिरतीसाठी होती. हौसेने खेड्यात राहायला जाण्याची कल्पना तेव्हा फारशी कुणाच्या डोक्यात नव्हती, कारण उष्ण प्रदेशातल्या खेड्याची लोकांना भीती वाटायची.

आज आपण ज्याला साधेपणाचं सौंदर्य म्हणतो, त्यातलं बरंचसं या भीतीतूनच आलं आहे. हिवताप दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेमुळे होतो, असा समज एकोणिसाव्या शतकात सर्वत्र होता. म्हणून मळेवाल्यांनी घरासाठी टेकडीचा माथा निवडला, जोतं उंच घेतलं किंवा अख्खं घर खांबांवर उचललं, आणि वारा आरपार खेळावा म्हणून दारं-खिडक्या समोरासमोर ठेवल्या. कारण चुकीचं असलं तरी उपाय बऱ्यापैकी लागू पडला, कारण उंचावर, वाऱ्यात डास कमी. डासाचा हात उघड व्हायला १८९७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सापडले. त्यानंतर खिडक्यांना आणि व्हरांड्यांना तारेची जाळी लागू लागली. त्याआधीच्या घरात जाळी दिसली, तर ती बहुधा मागाहून बसवलेली असते.

दुसरी भीती वाळवीची. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडची जुनी लाकडी घरं आजही खांबांवर उभी दिसतात. खाली वाकून पाहिलं तर प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पत्र्याची एक टोपी असते, कडा खाली वाकवलेली. वाळवी त्याने थांबत नाही. तिला वर जायचं असेल तर पत्र्याच्या कडेवरून मातीचा बोगदा बांधत उघड्यावर यावं लागतं, आणि तिथे ती नजरेस पडते. म्हणजे टोपी हवी तशी घराखाली नियमित डोकावणारा माणूसही हवा. तिसरी भीती आगीची. म्हणून स्वयंपाकघर वेगळं, मुख्य घरापासून चार पावलांवर. आज तिथे पाहुण्यांसाठी ‘वेगळी खोली’ केलेली आढळते.

छपराची गोष्ट व्यापाराची आहे. नालीदार पत्र्याचं पेटंट १८२९ मध्ये हेन्री पामर या इंग्रज अभियंत्याने घेतलं. पुढे त्यावर जस्ताचा लेप देता येऊ लागला आणि गंजाचा प्रश्न बराचसा सुटला. हलका, एकावर एक रचून जहाजात घालता येणारा हा माल वसाहतींमध्ये सर्वदूर पोचला. कित्येक ठिकाणी झावळ्या आणि लाकडी फळ्या मागे पडल्या. दुपारी घर भट्टीसारखं तापतं आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, ही पत्र्याची किंमत. पावसाच्या त्या आवाजावर आता जाहिराती चालतात.

मळ्यावर एकाच प्रकारचं घर कधीच नव्हतं. मालकाचं वेगळं, देखरेख करणाऱ्याचं वेगळं, मजुराचं तर फारच वेगळं. कॅरिबियन बेटांवर साखरेचे वाडे गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३४ मध्ये अमलात आला, पण उमेदवारीच्या, म्हणजे काम शिकण्याच्या नावाखालची सक्ती १८३८ पर्यंत चाललीच. त्यानंतर बार्बाडोसमध्ये मोकळे झालेले मजूर मळ्याच्याच जमिनीवर भाड्याने राहत. मालकाने हाकललं तर घर सोबत नेता यावं म्हणून ते सुट्या दगडांवर ठेवत आणि वेळ आली की फळ्या खोलून गाडीवर लादत. या छोट्या रंगीत घरांची चित्रं आज पर्यटनाच्या पत्रकांवर असतात.

हवाईत वेगळं वळण लागलं. अमेरिकेशी १८७५ मध्ये झालेल्या करारामुळे तिथली साखर जकातीविना अमेरिकेत जाऊ लागली आणि मळे झपाट्याने वाढले. चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपिन्समधून मजूर आणले गेले. ओआहू बेटावर १९०९ आणि १९२० मध्ये मोठे संप झाले आणि मजुरांच्या राहण्याची दैना चव्हाट्यावर आली. सामाईक बराकींऐवजी कुटुंबासाठी छोटी घरं बांधण्याला त्यातून जोर मिळाला. ही घरं एकेरी भिंतीची. आत चौकट नाही, उभ्या ठोकलेल्या जेमतेम इंचभर जाडीच्या फळ्याच छपराचा भार पेलतात आणि बाहेरून मध्यावर एक आडवी पट्टी त्यांना धरून ठेवते. कौआई बेटावरच्या वायमेआ गावात मळ्याची अशी घरं दुरुस्त करून पाहुण्यांना दिली जातात. हवाईतला शेवटचा साखर कारखाना २०१६ मध्ये बंद पडला.

सिलोनमध्ये तर पीकच बदललं. कॉफीच्या पानांवर तांबेरा पडल्याची नोंद १८६९ ची. पुढच्या वीसेक वर्षांत तिथली कॉफी जवळपास संपली. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने लूलकंडुरा मळ्यावर १८६७ मध्ये चहा लावलेला होताच. चहाच्या तेजीने डोंगरमाथ्यांवर बंगले आले. मोठ्या साहेबाला, म्हणजे पेरिया दोरैला, मोठा बंगला. हाताखालच्या सिन्ना दोरैला लहान. स्वातंत्र्यानंतर १९७२ आणि १९७५ च्या जमीन सुधारणांत मळे सरकारकडे गेले, १९९२ मध्ये त्यांचं व्यवस्थापन पुन्हा खासगी कंपन्यांकडे आलं. जे बंगले कारभाराला लागेनासे झाले, त्यांतले काही पाहुण्यांसाठी उघडले.

कोलंबियाची गोष्ट अलीकडची. कॉफीचे निर्यात कोटे ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार १९८९ मध्ये कोलमडला, भाव गडगडले, आणि किंदिओ भागातल्या शेतकऱ्यांनी बांबू-मातीच्या घरांत शहरी पाहुणे घ्यायला सुरुवात केली. सगळ्या प्रकारांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो. घरधनी अजून तिथेच राहतो आणि कॉफीही पिकवतो. या कॉफीपट्ट्याला २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली.

मालकाच्या वाड्याचा इतिहास सांगणं सोपं, मजुराच्या खोलीचा अवघड. अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य उष्ण कटिबंधाबाहेरचं, पण तिथलं २०२२ चं प्रकरण याच धंद्याचं आहे. गुलामांची जुनी खोली आरामदायी मुक्काम म्हणून एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्याच्या संकेतस्थळावर होती. एका वकिलाने त्याची चित्रफीत टाकली, गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली आणि अमेरिकेतल्या अशा जागा यादीतून काढण्याचं जाहीर केलं. श्रीलंकेत हा पेच आणखी जवळचा आहे. तिथे बंगल्याच्या खालच्या उतारावर मजुरांच्या ‘लाईन’, म्हणजे एकाला एक लागून असलेल्या खोल्यांच्या रांगा, अजून आहेत. दक्षिण भारतातल्या तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांचे वंशज त्यांत राहतात आणि त्यांतल्या पुष्कळांच्या नावावर राहत्या घराखालची जमीन नाही.