लगदा कागदाचा, लगदा टोपलीचा

सुट्टीत मुलांना घेऊन घरी कागद करायला बसलं, की मिक्सरमधला राखाडी लगदा पाहून घरातलं मोठं माणूस हमखास म्हणतं, "अगं, आमची आजी याच्याच टोपल्या करायची." मग कुणीतरी त्यात वाटलेली मेथी घालतं, नाहीतर गोंद. आणि तिथेच कागद फसतो. रद्दी तीच, रात्रभर भिजवणंही तेच, पण कागदाचा लगदा वेगळा आणि टोपलीचा वेगळा. एकात पाणी भरपूर आणि चिकट काहीच नाही. दुसऱ्यात पाणी पिळून काढलेलं आणि सगळी भिस्त चिकटपणावर.

खरं तर कागदासाठी जो असतो त्याला लगदा तरी का म्हणावं? तो पातळ ताकासारखा हवा. नेहमीच्या प्रिंटरचं ए-फोर पान साधारण ५ ग्रॅम भरतं. अशी १० पानं टपाल तिकिटाएवढे तुकडे करून भिजवायची, थोडी थोडी भरपूर पाण्यात फिरवायची आणि टबात ५ लिटर पाण्यात सोडायची. म्हणजे शंभर भाग पाण्याला जेमतेम एक भाग कागद. एवढं पाणी कशाला, असं मुलं विचारतातच. प्रत्येक तंतू सुटा होऊन तरंगायला हवा म्हणून. जाळी खालून आडवी उचलली की पाणी गळून जातं आणि तंतू एकमेकांवर आडवेतिडवे, पण सपाट पसरतात. वाळताना पाणी उडतं तसे ते जवळ ओढले जातात आणि त्यांच्यातल्या सेल्युलोजचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. कागदाला गोंद लागत नाही तो यामुळेच. आणि म्हणूनच असा घरचा कागद पुन्हा पाण्यात बुडवला की सहज सुटतो; मुलांना हे करून दाखवाच.

जाळीसाठी वेगळी खरेदी नको. भरतकामाच्या रिंगमध्ये मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला की झालं. कागद गोल निघतो, आणि मुलांना तोच जास्त आवडतो. जाळी जुन्या सुती पंचावर पालथी घालायची, पाठीमागून स्पंजने पाणी टिपायचं आणि एका कडेने अलगद उचलायची. मग वर दुसरं कापड घालून लाटणं फिरवायचं. पहिल्या वर्षी मी लगद्यात मैद्याची खळ घातली होती. कागद जाळीला धरून बसले, आणि माझ्या भाचीच्या हातात नुसते तुकडे आले. तिचा उतरलेला चेहरा आठवतो, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

खळ लागते, पण शेवटी. नुसत्या घरच्या कागदावर शाईचं पेन टेकवलं की अक्षर फुटतं. वाळलेल्या कागदावर पातळ खळीचा हात फिरवून तो पुन्हा वाळवला, की लिहिता येतं. आपल्याकडे हे ज्ञान जुनं आहे. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा आहे. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा तिच्यामागून इथे कागद करणारे आले असं मानतात. हातकागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटायची रीत होती. मुलांना एक गुळगुळीत गोटा द्या, तासभर घोटत बसतील.

टोपलीची गोष्ट उलटी. तिथे लगदा घट्ट पिळून कणकेसारखा करायचा. तंतूंचे गोळे झालेले असतात, सपाट थर नसतो, त्यामुळे नुसते वाळवले तर टोपली कडेने भुगा होऊन सुटते. म्हणून मेथी. भिजवून वाटलेली मेथी बुळबुळीत होते, तो तिच्यातला डिंकच असतो, आणि तिच्या कडूपणाने कीड लागत नाही असं जुन्या बायका सांगत. मेथी किंवा खळ घालून लगदा चांगला मळायचा, पालथ्या पातेल्यावर ओलं फडकं घालून सारखा थापायचा आणि कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवायचा. पावसाळ्यात हे काढू नका, हमखास बुरशी येते. आणि बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत असले, तरी मुलांचे हात जिथे आहेत तिथे ते विष नकोच.

अंड्यांचा ट्रे हातात घेतला की मात्र भलेभले फसतात. जाड, खडबडीत, आकार दिलेला. टोपलीचाच भाऊबंद वाटतो. पण तो होतो कागदासारखा: पातळ लगद्यात जाळीचा साचा बुडवतात, पाणी ओढून घेतात आणि तंतू साच्यावर बसतात. तंतूंना धरायला तिथेही वेगळा गोंद लागत नाही. भिजवला की तो छान फुलतो, टोपलीसाठी उत्तम. वर्तमानपत्रही तिकडेच जाऊ द्या. त्याचा कागद ठिसूळ होतो आणि पिवळा पडतो. कागदासाठी वह्यांची आणि प्रिंटरची पाठकोरी पानं ठेवा. दुकानांची गुळगुळीत बिलं आणि एटीएमच्या पावत्या दोन्हींतून वगळा, त्यांवर रसायनाचा थर असतो.

म्हणून क्रम असा ठेवा: शनिवारी कागद, रविवारी टोपली. टबात उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. सुती फडक्यातून गाळून पिळलं की जो गोळा हाती येतो, त्यातच मेथी मिसळून टोपली सुरू करता येते. एकदा मेथी पडली, की त्या लगद्याचा कागद मात्र होत नाही.