सदाशिव अमरापूरकर यांच्या सहायक भूमिका

सदाशिव अमरापूरकर (११ मे १९५० – ३ नोव्हेंबर २०१४) हे मराठी रंगभूमीवर घडलेले आणि हिंदी चित्रपटात खलनायक म्हणून देशभर पोहोचलेले चरित्र अभिनेते. मूळ नाव गणेशकुमार नरवोडे, जवळच्यांसाठी ‘तात्या’. जन्म अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर). आडनाव शेवगाव तालुक्यातल्या अमरापूर गावाशी नाते सांगणारे. नायकाची भूमिका त्यांच्या वाट्याला क्वचितच आली. तरी त्यांनी ज्या चित्रपटांत कामे केली, त्यांतले काही आज प्रामुख्याने त्यांच्यामुळेच आठवतात.

पडद्यावरची सुरुवात मराठीतून झाली. चापेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ (१९७९) या चित्रपटात त्यांनी लोकमान्य टिळक साकारले. पुढे ‘हँड्स अप’ या नाटकातले त्यांचे काम गोविंद निहलानी यांनी पाहिले आणि त्यातून ‘अर्धसत्य’ (१९८३) मिळाला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि ओम पुरी यांचा फौजदार अनंत वेलणकर. त्याच्यासमोर रामा शेट्टी उभा करायचा होता.

हा रामा शेट्टी हिंदीला नवा होता. तोवरचे खलनायक अड्ड्यावर राहत, चकचकीत कपडे घालत, मोठ्याने हसत. रामा शेट्टी आपल्याच घरात बसलेला असतो. तो आवाज चढवत नाही, कारण त्याला तशी गरजच नाही. वरपर्यंत हात पोहोचलेले आहेत आणि हे त्याच्यापेक्षा समोरच्या पोलिसाला जास्त ठाऊक आहे. अमरापूरकरांनी ही सत्ता बसण्याच्या ढबीतून, जड पापण्यांतून आणि मराठी वळणाच्या संथ हिंदीतून दाखवली. त्यांचे प्रसंग मोजकेच आहेत. पण शेवटी कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात अडकलेला वेलणकर मदत मागायला त्याच्याच दारी येतो, तेव्हा त्या घराचे वजन प्रेक्षकाला आधीच जाणवलेले असते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

यानंतर मागणी आली ती मात्र बहुतेक भडक खलनायकांची. धर्मेंद्र यांच्यासोबतच्या ‘हुकूमत’ (१९८७) या चित्रपटाने ती पक्की केली आणि त्याच साच्यातली कितीतरी कामे त्यांना करावी लागली. त्यांच्या ताकदीचा हा अपव्ययच म्हणावा लागेल.

अपवाद ‘सडक’चा (१९९१). महेश भट्ट यांच्या या चित्रपटात त्यांनी कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी ‘महाराणी’ रंगवली. साडी-कुंकवाची ही भूमिका हास्यास्पद होण्याचा धोका पावलोपावली होता. त्यांनी तिच्यात असे क्रौर्य ओतले की चित्रपटगृहात कोणी हसले नसावे. फिल्मफेअरने सर्वोत्कृष्ट खलनायकाचा पुरस्कार सुरू केला, तेव्हा तो पहिल्यांदा याच भूमिकेला मिळाला. तृतीयपंथी पात्र म्हणजे दुष्टपणा, हे समीकरण आज खटकते, आणि ते खटकायलाच हवे. अभिनयाची धार त्याने कमी होत नाही.

विनोदातही ते तितकेच सहज होते. ‘आँखें’ (१९९३) पाठोपाठ ‘कुली नं. १’ (१९९५) मध्ये ते शादीराम घरजोडे झाले. श्रीमंतीच्या घमेंडीत मुलीच्या बापाने हाकलून दिलेला हा लग्न जमवणारा मध्यस्थ, सूड म्हणून त्याच्या मुलीसाठी एका हमालाला श्रीमंत स्थळ बनवून नेतो. सगळ्या गोंधळाची किल्ली याच माणसाच्या हाती आहे. ‘इश्क’मधला (१९९७) पैशाचा माज असलेला बाप त्याच जातकुळीचा.

दूरचित्रवाणीवर श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ (१९८८) या मालिकेत त्यांनी महात्मा फुले साकारले. अंधश्रद्धा निर्मूलनासारख्या चळवळींशी स्वतःला जोडून घेतलेल्या या अभिनेत्याकडे ती भूमिका यावी, हे उचितच होते. मराठीत सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’मध्ये (१९९५) त्यांनी थोरल्या भाचीला मुंबईला नेणारा मामा केला.

‘बॉम्बे टॉकीज’ (२०१३) हे त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. सत्यजित राय यांच्या कथेवर आधारलेल्या, दिबाकर बॅनर्जी यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात नवाजुद्दीन सिद्दिकी यांच्या पुरंदरला चित्रीकरणात एक क्षुल्लक काम मिळते. बाजूला जाऊन तो तालीम करू लागतो, आणि त्याचा दिवंगत नाट्यगुरू त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. तो गुरू अमरापूरकरांनी साकारला आहे.