डब्यावरचा कोड आणि नाण्यावरचं अक्षर : नवीन संग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिकच्या कितीतरी घरांतली मुलं आता अमेरिकेत आहेत. सुट्टीला येताना ती वडिलांसाठी, भाच्यांसाठी तिथल्या सरकारी टांकसाळीचे नाण्यांचे संच घेऊन येतात. तो डबा आमच्या काउंटरवर आला की पहिला प्रश्न ठरलेला : "पावतीवर हे २४ आरजी काय लिहिलंय, आणि याचे किती येतील?" पहिल्याचं उत्तर पावतीवरच असतं. दुसऱ्यासाठी मात्र डबा उघडून नाणं बघावं लागतं.

आधी कोड वाचायला शिकू. सुरुवातीचे दोन आकडे म्हणजे साल. २४ म्हणजे २०२४. पुढची रोमन अक्षरं म्हणजे माल कोणता. आरजी हा साधा प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांचा) संच, आरएच चांदीचा प्रूफ संच आणि आरजे अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेल्या नाण्यांचा संच. २०२४ च्या आरजी संचात सेंटपासून डॉलरपर्यंत १० नाणी आहेत, सगळी सॅन फ्रान्सिस्कोला पाडलेली. आरएचमध्येही तीच १०, पण डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर ही नाणी ९९.९ टक्के चांदीची. २०१८ पर्यंत त्यांत ९० टक्के चांदी असायची, म्हणून जुना आरएच संच घेताना साल नीट पाहा. त्याच सालच्या आरजेमध्ये २० नाणी मिळतात, कारण प्रत्येक नाणं फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर अशा दोन टांकसाळींचं असतं. मुलांना संग्रहाची गोडी लावायची असेल तर आम्ही आरजेच सुचवतो. एकसारखी दोन नाणी शेजारी ठेवून पी आणि डी ही टांकसाळीची बारीक अक्षरं शोधायला मुलांना फार आवडतं, आणि खूण बघायची सवय तिथूनच लागते.

सोन्याच्या ईगल (गरुडाचं चित्र असलेल्या) नाण्यांत एका अक्षराने फार मोठा फरक पडतो. ईबी म्हणजे एक औंस, ईसी अर्धा, ईडी पाव आणि ईई एक दशांश औंस. चारही एकत्र हवी असतील तर ईएफ. फोनवर "ईबी" आणि "ईडी" ऐकायला सारखेच वाटतात, म्हणून पावतीचा फोटो मागवून घ्या.

सर्वांत जास्त गोंधळ चांदीच्या ईगलचा. हे नाणं १९८६ पासून निघतं. एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९.९ टक्के चांदी. वेस्ट पॉइंट टांकसाळीच्या प्रूफ नाण्याचा कोड ईए, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रूफचा ईएम, आणि वेस्ट पॉइंटच्याच अनसर्क्युलेटेडचा ईजी. २०२१ मध्ये मागच्या बाजूचं चित्र मध्येच बदललं. छातीवर ढाल असलेला गरुड गेला आणि घरट्याकडे उतरणारा, पायांत ओकची फांदी धरलेला गरुड आला. त्यामुळे २१ ईए आणि २१ ईएएन ही दोन वेगळी नाणी आहेत. शेवटचं 'एन' नव्या चित्राचं. संग्रहात दोन्ही हवीत असं आमचं मत आहे.

आता सावध करणारी गोष्ट. याच ईगलचं एक गुंतवणुकीचं नाणंही निघतं. ते टांकसाळ थेट लोकांना विकत नाही, ठरावीक व्यापाऱ्यांमार्फतच बाजारात येतं आणि त्यावर टांकसाळीचं अक्षर नसतं. चांदी तेवढीच, वजन तेवढंच. असं नाणं कोणी ईएच्या मखमली डबीत बसवून प्रूफ म्हणून विकलं, तर कोड खरा, डबी खरी, प्रमाणपत्रही खरं, आणि आतलं नाणं भलतंच. भिंग घ्या आणि गरुडाच्या बाजूवर वेस्ट पॉइंटचा डब्ल्यू शोधा. मग जमीन, म्हणजे चित्राभोवतीचा सपाट मोकळा भाग, बघा : प्रूफमध्ये ती आरशासारखी चकचकीत आणि चित्र दुधाळ दिसतं, ईजीमध्ये सगळं नाणं एकसारखं मऊ तकाकीचं. खोक्यावरच्या नंबराला भुलून येवल्याची पैठणी कोणी घेत नाही, पदर उलटून बघतोच. नाण्यालाही तेवढा वेळ द्या.

अक्षरही कधी चकवतं. २०२१ च्या मॉर्गन डॉलर या चांदीच्या नाण्यांपैकी एकावर सीसी आहे आणि दुसऱ्यावर ओ. कार्सन सिटी आणि न्यू ऑर्लिअन्स इथल्या बंद पडलेल्या टांकसाळींची ती आठवण आहे. दोन्ही नाणी पाडली फिलाडेल्फियाला.

आपल्या भारतीय नाण्यांवर अक्षराऐवजी सालाखाली छोटी आकृती असते. मुंबईची पत्त्यांतल्या चौकटसारखी आकृती, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नाही. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर १९९६ पासून एम असतो, त्याआधी बी असायचा. (नाशिकरोडला नोटा छापतात, नाणी पाडत नाहीत, नाशिकची खूण कोणती, असं बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं.)

खुणेवरून नाणं वाचण्याची ओढ लागली की एकदा त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत जाऊन या. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. कोण हरलं आणि कोण जिंकलं, ते त्या नाण्यांवरच उमटलेलं आहे.

जपणुकीचं थोडक्यात. प्रूफ नाणं कॅप्सूलमधून काढू नका. चिंच, राख, टूथपेस्ट काहीही लावू नका. एकदा घासलेली जमीन परत येत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो, तेव्हा ती टाळा. बाहेरचं पुठ्ठ्याचं वेष्टन, प्रमाणपत्र आणि पावती एकत्र ठेवा. विकताना पूर्ण संचाला मागणी जास्त असते.

दाखवायला येताना नाणं डब्यासकट आणा, सील असेल तर घरी फोडू नका. आपल्यासमोरच उघडू, आणि अक्षर आपण स्वतः भिंगातून बघितल्याशिवाय आम्ही भाव सांगणार नाही.