तहानेशिवाय लिंबाला फूल नाही

अमळनेरच्या आमच्या अंगणात आईने बाजारच्या कागदी लिंबाची एक बी पुरली होती. रोज संध्याकाळी तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी ती त्याच्या आळ्यात ओतायची. सात वर्षांत झाड माळवदाला टेकलं, काटे बोटभर झाले, लिंबू मात्र एकही नाही. "बियाचं झाड, त्याला काय येणार?" असं जो तो म्हणायचा.

बीचा यात दोष नव्हता. कागदी लिंबाची एक बी पेरली तर पुष्कळदा दोन-तीन रोपं उगवतात. त्यातली बहुतेक परागीभवनातून आलेली नसतात. बीच्या आत, आईझाडाच्याच पेशींपासून गर्भ तयार होतो, म्हणून ती हुबेहूब आईवर जातात. चार-पाच वर्षं वाट पाहावी लागते एवढंच.

खरं कारण शेजारच्या आप्पांनी आळ्यातली माती मुठीत दाबून सांगितलं. मातीचा लाडू झाला. "वहिनी, याचं पोट कायम भरलेलं आहे. जरा उपाशी ठेवा."

बागायतदार याला ताण देणं म्हणतात. फांदीवरच्या डोळ्यातून पालवीही फुटू शकते, फूलही. पाणी मिळत राहिलं की झाड नुसती नवती काढत राहतं. पाणी तोडलं की वाढ थांबते, पानांनी केलेलं अन्न फांद्यांत साठतं आणि फुलोऱ्याचा निरोप देणारं एक प्रथिन पानांत तयार होऊन डोळ्यापर्यंत जातं. थंड मुलखात हेच काम हिवाळा करतो. खानदेशात जानेवारीच्या काही रात्री पारा १० अंशांच्या खाली येतो, म्हणजे तहान आणि थंडी दोन्ही झाडाच्या मदतीला असतात.

आम्ही डिसेंबरात पाणी बंद केलं. मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, पण आपली काळी माती ओल धरून ठेवते. महिना उलटला तेव्हा कुठे आळ्याला भेगा पडल्या, पानं निस्तेज होऊन गळायला लागली. आईचा जीव तुटत होता. पण निम्म्यापर्यंत पानं गळली तरी चालतं, बारीक फांद्या वाळू द्यायच्या नाहीत. मग शेणखत घालून पहिलं पाणी हलकं दिलं, पुढचं थोडं जास्त. एकदम भरपूर पाणी दिलं तर फुलं गळतात. तीनेक आठवड्यांत जांभळट छटेच्या कळ्या दिसल्या आणि दारात उभं राहिलं की वास येऊ लागला.

पाणी देताना बुंधा कोरडा राहील असं दुहेरी आळं करावं, म्हणजे बुंध्याभोवती मातीचं एक कडं आणि पाण्यासाठी त्याच्या बाहेर दुसरं. काळ्या मातीत बुंध्याशी पाणी तुंबलं की बुरशी लागते, सालीतून डिंक गळतो आणि डिंक्याने उभं झाड जातं.

हा आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा. त्याची लिंबं जून-जुलैत, पावसाच्या तोंडावर येतात. ४५ अंशांच्या उन्हात सरबताला हवी असलेली लिंबं हस्त बहाराची, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांची. त्यासाठी ताण ऐन पावसाळ्यात द्यावा लागतो, आणि तो नीट बसत नाही. उन्हाळ्यात लिंबू महागतं त्याचं हे एक मोठं कारण.

आमचं पहिलं लिंबू जूनमध्ये चिरलं. फोडीत दिसतात ते रसाचे लांबट कोष म्हणजे सालीच्या आतून उगवलेले, रसाने फुगलेले केसच. आईने ते वरणभातावर पिळलं.

आता डिसेंबर लागला की ती तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला नेऊन घालते.